घसा न फाडता ओरडण्याचा इतिहास

आजचा धागा दीर्घ आहे आणि विषय काहींना चमत्कारिक वाटेल. किल्ले नाहीत, तहनामे नाहीत, सनावळ्याही बेताच्याच. आज बोलायचे आहे ते ओरडण्याबद्दल. अधिक नेमके सांगायचे तर, माणसाने हजारोंच्या जमावापुढे तासन् तास गर्जावे आणि दुसऱ्या दिवशी त्याला बोलता यावे, हे कसे जमले याबद्दल.

विषय सुचला तो घरातून. आमचे गाव सुलतानपूर. बुलढाणा जिल्हा, लोणार तालुका. (उत्तर प्रदेशातले ते निराळे. हा खुलासा मला आयुष्यभर करावा लागणार असे दिसते.) माझा चुलत भाऊ अकरावीत आहे आणि मोबाइलवर मेटल ऐकतो. नुसते ऐकून त्याचे भागेना, म्हणून सोयाबीनच्या शेतात जाऊन तो स्वतः किंचाळण्याचा सराव करू लागला. आबांना काही दिवस वाटले की पोरगा रोही हाकलतो आहे. मग एका संध्याकाळी त्याचा आवाज बसला, तो तीन आठवडे उघडलाच नाही. डॉक्टरांनी मौन सांगितले. मौन सुटल्यावर त्याने मला पहिला प्रश्न विचारला तो असा: "ताई, मग त्या शाहिरायचा घसा काहून बसत नाही वं?"

१२ जानेवारीला सिंदखेडराजाला जिजाऊंच्या जयंतीला जाणे हा आमच्याकडचा दरवर्षीचा परिपाठ. तिथे त्याने पोवाडे ऐकले होते. प्रश्न साधा होता. पण इतिहासाच्या विद्यार्थिनीला त्याचे उत्तर सहज देता येऊ नये, याची मला लाज वाटली.

आधी थोडे शरीर समजून घेऊ. आपल्या स्वरयंत्रात दोन स्वररज्जू असतात. श्वास बाहेर पडताना त्या कंप पावतात आणि आवाज निघतो. त्यांच्या किंचित वर, दोन्ही बाजूंना, आणखी दोन मऊ घड्या असतात; त्यांना आभासी स्वररज्जू म्हणतात. गिळताना, खोकताना, जड पोते उचलताना त्या आपोआप आवळल्या जातात. नेहमीच्या बोलण्यात त्यांचे काम नसते. हे सारे जिवंत माणसाच्या गळ्यात डोकावून पाहण्याची युक्ती कोणा वैद्याने नव्हे, तर एका गायनशिक्षकाने प्रसिद्ध केली, ही मला फार आवडणारी गोष्ट आहे. मानुएल गार्सिया नावाच्या या स्पॅनिश गवयाने १८५४ मध्ये दंतवैद्याचा छोटा आरसा आणि सूर्यप्रकाश यांच्या साहाय्याने स्वतःचेच स्वरयंत्र पाहिले आणि पुढच्या वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे निरीक्षणे मांडली. आवाजाची काळजी ही ज्याची रोजीरोटी होती, त्यालाच ती आत डोकावण्याची निकड वाटली.

आता महाराष्ट्राकडे येऊ. ध्वनिक्षेपक येण्यापूर्वी मोठा आवाज हे गावगाड्याचे साधनच होते. जोंधळ्याच्या राखणीला माच्यावरून हाळी घालावी लागे. सरकारी हुकूम दवंडीने फिरे. ती दवंडी देण्याचे काम परंपरेने बलुत्यातल्या महाराच्या वाट्याला येई, म्हणजे कोणी ओरडायचे आणि कोणी नुसते ऐकायचे हेही जातीने ठरवलेले होते. गोंधळी संबळावर रात्र जागवी. आणि शाहीर डफ घेऊन उभा राही.

पोवाड्याची परंपरा निदान शिवकाळापर्यंत मागे जाते. अफझलखानाच्या वधावरचा अज्ञानदासाचा आणि सिंहगडावरचा तुळशीदासाचा हे पोवाडे तुम्हांपैकी अनेकांना ठाऊक असतील. १८९१ मध्ये ॲक्वर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी जुन्या पोवाड्यांचा संग्रह छापला, तेव्हापासून आपण पोवाडा 'वाचू' लागलो, आणि माझ्या मते तिथेच आपली एक गफलत झाली. छापील पोवाड्यात शब्द उरले, गळा नाहीसा झाला. अभ्यासक घटना तपासतात, भाषा तपासतात. पण हा मजकूर उघड्या मैदानात एका माणसाने गाऊन कसा निभावला, हे क्वचितच विचारले जाते.

तो निभावण्याची सोय पोवाड्याच्या रचनेतच आहे. शाहीर एकटा नसतो. मागे झीलकरी असतात. कडव्याच्या शेवटी ते 'जी जी' करून सूर उचलतात आणि लांबवतात. श्रोत्याला तो ठेका वाटतो. शाहिराला तो श्वास असतो. तेवढ्या वेळात तो छाती भरून घेतो, आवंढा गिळतो, पुढच्या कडव्याची जुळवाजुळव करतो. शिवाय मधे गद्य निवेदन येते, तिथे गळ्याला आणखी विसावा. डफ आणि तुणतुणे सूर-ताल धरून ठेवतात, त्यामुळे आवाज शोधत फिरावे लागत नाही. सगळे वीररसाचे ओझे एका गळ्यावर नसते. ते चार-पाच गळ्यांत वाटलेले असते.

दुसरी गोष्ट पट्टीची. शाहीर उंच पट्टीत गातात. मोठा आवाज आणि उंच, टोकदार आवाज या दोन भिन्न गोष्टी आहेत. माणसाचा कान साधारण दोन ते चार हजार हर्ट्झच्या दरम्यान सर्वांत तीक्ष्ण असतो. त्या पट्ट्यात ज्याच्या आवाजाची धार आहे, तो कमी जोर लावूनही दूरवर पोहोचतो. आपण ज्याला 'पहाडी आवाज' म्हणतो त्यात ताकदीपेक्षा ही धार अधिक असते. बार्शीचे अमर शेख (१९१६–१९६९) संयुक्त महाराष्ट्राच्या सभा याच आवाजाने गाजवत. विठ्ठल उमप नोव्हेंबर २०१० मध्ये नागपुरात दीक्षाभूमीवर कार्यक्रमातच कोसळले आणि गेले, तेव्हा ते ७९ वर्षांचे होते. त्या वयात रंगमंचावर उभा राहणारा गळा नुसत्या जोरावर टिकत नाही.

नाटकाचीही कथा अशीच. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात किर्लोस्करांचे 'शाकुंतल' रंगभूमीवर आले आणि संगीत नाटकाचे युग सुरू झाले. ध्वनिक्षेपक नाही, पदांना 'वन्स मोअर' मात्र भरपूर. शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचायचे तर काळी चार, काळी पाच अशा उंच पट्ट्यांतच गावे लागे. भाऊराव कोल्हटकर, केशवराव भोसले ही नावे त्यांच्या तारसप्तकामुळे अजरामर झाली. ८ जुलै १९२१ चा टिळक स्वराज्य फंडासाठीचा 'संयुक्त मानापमान' तुम्हांला माहीत असेल: एकीकडे केशवराव, दुसरीकडे बालगंधर्व, मुंबईचे बालीवाला थिएटर. त्यातला एक पुरुष नायिका म्हणून गात होता, ही गोष्ट लक्षात ठेवा. तिच्याकडे परत यायचे आहे.

पण टिकलेल्या गळ्यांचीच नावे आपल्यापर्यंत पोहोचतात. जे फुटले, बसले, वर्षभरात संपले त्यांची नोंद कोण ठेवणार? इतिहासात ही चूक वारंवार होते: वाचलेल्यांवरून आपण सर्वांचा अंदाज बांधतो. 'जुन्या लोकांचे गळेच तसे होते' हे वाक्य मला म्हणून पटत नाही. गुरूकडे पहाटेची खर्जसाधना होती, अनुकरण होते. पण शिष्याचा आवाज बिघडला तर पुष्कळदा 'देवाची देणगी नाही' एवढ्यावर विषय मिटत असे.

हा विषय तिथे मिटू न देणारा माणूस म्हणजे प्रा. बी. आर. देवधर (१९०१–१९९०). विष्णु दिगंबर पलुसकरांचे शिष्य, मुंबईत संगीतशाळा चालवणारे, पाश्चात्त्य संगीतही अभ्यासलेले. हिंदुस्थानी संगीतात आवाजाच्या जोपासनेकडे शास्त्र म्हणून पाहणाऱ्या पहिल्या काही लोकांत त्यांची गणना होते. गाणे शिकवणे आणि आवाज घडवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा त्यांचा आग्रह. त्यांच्याकडेच हा विषय शिकलेले अशोक दा. रानडे (१९३७–२०११) यांनी तो पुढे नेला, मराठीत त्यावर लिहिले, नाटकातल्या नटांपर्यंत पोहोचवला. देवधरांचे सर्वांत विख्यात शिष्य कुमार गंधर्व. १९४७ च्या सुमारास क्षयाने त्यांचे एक फुप्फुस जायबंदी झाले. वर्षानुवर्षे गाणे बंद राहिले. परतले तेव्हा दीर्घ श्वासाच्या जागी छोट्या, उसळत्या आवर्तनांची गायकी घेऊन. शरीराची मर्यादा ओळखून गाणे बदलता येते, याचे याहून मोठे उदाहरण मला माहीत नाही.

आता मेटल. १९८५ चा पझेस्ड या अमेरिकी बँडचा 'सेव्हन चर्चेस' आणि १९८७ चा डेथचा 'स्क्रीम ब्लडी गोर' हे डेथ मेटलचे आरंभीचे टप्पे मानले जातात. या गाण्यात आवाज गुरगुरतो, खरवडतो. तो कसा काढायचा हे शिकवणारा त्या काळी कोणी नव्हता. कॅसेट ऐकायची आणि नक्कल करायची. माझ्या भावाने सोयाबीनच्या शेतात जे केले तेच या पिढीने गॅरेजमध्ये केले. २००५ मध्ये न्यू यॉर्कच्या मेलिसा क्रॉस या गायनशिक्षिकेने 'द झेन ऑफ स्क्रीमिंग' ही डीव्हीडी काढली, तेव्हा किंचाळण्याचेही रीतसर शिक्षण असू शकते हे अनेकांना पहिल्यांदा कळले. म्हणजे सुमारे वीस वर्षे हा प्रकार गुरूविना चालला.

मुंबईतही याच काळात हे संगीत रुजत होते. धोबी तलावाच्या रंगभवनात १९८६ पासून 'इंडिपेंडन्स रॉक' भरू लागला. पुढे शेजारच्या रुग्णालयांमुळे ते उघडे नाट्यगृह शांतता क्षेत्राच्या नियमांत सापडले आणि गाणे तिथून गेले. २००० मध्ये डेमोनिक रेझरेक्शन, २००३ मध्ये भयानक मौत असे बँड उभे राहिले. डेमोनिक रेझरेक्शनच्या २०१७ च्या अल्बमचे नाव 'दशावतार' आहे. लोणारच्या दैत्यसूदनाच्या मंदिरापासून हाकेच्या अंतरावर वाढलेल्या मुलाला लवणासुराची कथा पाठ असतेच. विष्णूचे अवतार गुरगुरत्या आवाजात ऐकून तो का हरखला, हे मी समजू शकते. भयानक मौतमध्ये एक नव्हे, दोन गायक असत. झीलकऱ्यांची आठवण मला इथे झाली; पण त्यावरून 'मेटलचे मूळ पोवाड्यात' असा शोध कृपया कोणी लावू नये. असे शोध समाजमाध्यमांवर फार लवकर पसरतात. दोन्हीकडे अडचण एकच होती, म्हणून उपाय जवळपासचे निघाले, इतकेच.

उलट दोन्हींची तंत्रे वेगळी आहेत. शाहिराचा आवाज खऱ्या स्वररज्जूंचा, उंच आणि स्वच्छ. मेटलचा खरखरीतपणा मुख्यतः दोन मार्गांनी येतो. एकात वर सांगितलेल्या आभासी स्वररज्जू जवळ आणून कंपित करतात. तूवा प्रदेशातल्या पशुपालकांचे 'कारगिरा' हे खोल कंठगायन याच घड्यांच्या आधाराने चालते, म्हणजे हा काही विजेच्या गिटारीने आणलेला चमत्कार नाही. दुसऱ्या मार्गात सकाळी उठल्या उठल्या आवाजाला जी करकर असते तिच्यापासून सुरुवात करून तिला हळूहळू श्वासाची जोड देतात. दोन्हींत महत्त्वाचे हेच की खरखर म्हणजे मोठा आवाज नव्हे. तालमीच्या खोलीत अनुभवी गायकाची गुरगुर ऐकली तर ती अपेक्षेपेक्षा लहान वाटते. तिला राक्षसी करतो तो मायक्रोफोन. नवशिके ध्वनिमुद्रणातला परिणाम ऐकतात आणि तो नुसत्या गळ्याने गाठू पाहतात. छातीतून हवा जोरात लोटली जाते, मान आवळते, खऱ्या स्वररज्जू एकमेकींवर आपटतात, सुजतात. हेच चालू राहिले तर त्यांवर गाठी येतात. दुखणे ही सरावाची खूण नव्हे, थांबण्याची आहे. रामोशाला हाक घालावी लागत होती, तुम्हांला नाही.

आणि ती राहिलेली गोष्ट. आर्च एनिमी या स्वीडिश बँडच्या २००१ च्या 'वेजेस ऑफ सिन'मध्ये अँजेला गॉसो गायली, तेव्हा ही गुरगुर बाईची आहे यावर अनेकांचा विश्वास बसेना. हा गळा पुरुषाचाच असला पाहिजे, ही समजूत तोवर पक्की होती. बालगंधर्वांना डोक्यावर घेणाऱ्या महाराष्ट्राला यात नवल वाटायचे कारण नाही. आवाज कुणाचा कसा 'असतो' यापेक्षा तो कसा घडवला जातो, हेच दोन्हीकडे दिसते.

भावाला मी हे सगळे सांगितले, थोडे कमी शब्दांत. शिकवणारा गावात नाही, मेहकरलाही असेल असे वाटत नाही. सध्या त्याने किंचाळणे बंद ठेवले आहे. आवाजाच्या उपचारात वापरतात तो एक व्यायाम डॉक्टरांनी त्याला दिला आहे: पेलाभर पाण्यात स्ट्रॉ बुडवून हुंकार भरत फुंकायचे, म्हणजे स्वररज्जूंवर ताण न येता त्या हलत्या राहतात. रोज सकाळी ओट्यावर बसून तो ते इमानाने करतो. परवा आबांनी मला फोन केला होता. रोह्यांचा त्रास पुन्हा वाढला आहे, म्हणाले, आणि हा पोरगा शेतात यायचे सोडून "पाण्यात बुडबुडे काहून काढून राह्यला वं?"