रुपेरी राजा आणि त्याचे तांडेल

मासा धरावयाचा, पण खावयाचा नाहीं; त्यासाठीं होडी भाड्यानें घ्यावयाची, होडीबरोबर ती चालविणारा माणूसही दिवसाच्या बोलीनें ठरवावयाचा, आणि हें सारें कित्येकदां वर्षभर आधीं विसार देऊन पक्कें करून ठेवावयाचें,—हा प्रकार कोंकणांतील एखाद्या म्हाताऱ्या कोळ्यास सांगितला तर तो आपली थट्टा चालली आहे असें समजेल. परंतु अमेरिकेंतील फ्लॉरिडा संस्थानाच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर ह्याच व्यवहारावर गेलीं सुमारें १४० वर्षें कित्येक कुटुंबें जगत आलीं आहेत. ह्या व्यवहाराचा नायक टार्पन नांवाचा मासा. त्याच्या थोरवीवर इंग्रजींत लिहिलेलें पुष्कळ सांपडतें; त्यास पकडणाऱ्या धनिकांचीं नांवेंही सांपडतात; परंतु त्या धनिकांस माशापर्यंत नेऊन पोंचविणारा जो माणूस, त्याची ओळख बहुधा एका ओळींत उरकलेली असते. आम्हांस येथें विशेषेंकरून त्या माणसाविषयीं लिहावयाचें आहे.

आधीं माशाविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. टार्पन पांच-सहा फूट लांबीचा सहज आढळतो आणि आठ फुटांपर्यंत वाढूं शकतो. अंगावरील खवले तळहाताएवढे व चांदीसारखे लखलखीत. त्यावरूनच त्यास ‘रुपेरी राजा’ ही पदवी मिळाली. गळानें धरलेल्या टार्पनांपैकीं सर्वांत वजनदार म्हणून नोंदलेला मासा २००३ सालीं आफ्रिकेंतील गिनी-बिसाऊच्या किनाऱ्यावर मिळाला. तो २८६ पौंडांहून अधिक भरला. त्याचें तोंड आंतून इतकें टणक असतें कीं, गळ रुतण्याऐवजीं निसटण्याचाच संभव फार. गळ लागला कीं तो पाण्याबाहेर सबंध अंगानें उसळतो, आणि त्या उसळीसाठींच लोक समुद्र ओलांडून येतात. ह्याशिवाय, वर येऊन तो हवेचा घोट घेतो, म्हणून जेथें पाणी कुबट झालें आहे अशा कांदळवनांतील डबक्यांतही त्याचीं पिलें तग धरतात. आयुष्यही दांडगें. शिकागोच्या शेड मत्स्यालयांत १९३५ सालीं आणलेला एक टार्पन १९९८ पर्यंत जगला होता. ह्याच कुळांतील एक धाकटी जात हिंदी महासागरांत असून ती आपल्याकडील खाड्यांतही शिरते. पण ती एवढी थोराड होत नाहीं, त्यामुळें तिच्यासाठीं कोणी विलायतेहून आल्याचें ऐकिवांत नाहीं!

ज्या पाण्यांत हा खेळ पुढें रंगला, तें पाणी कांहीं ओसाड नव्हतें. शार्लट हार्बर नांवाच्या त्या विस्तीर्ण खाडीच्या परिसरांत पूर्वीं कलूसा नांवाचे लोक राज्य करीत असत. शेतीवांचून राज्य उभें राहत नाहीं असें आपण सहज धरून चालतों. कलूसांनीं मात्र मुख्यतः मासळीच्या बळावर राजा, सरदार, कालवे आणि शिंपल्यांच्या टेकड्यांवर वसविलेल्या वस्त्या एवढा सगळा संभार उभा केला होता. १५६६ सालीं स्पेनचा सेनापति मेनेंदेज ह्यांच्या राजास भेटला. पुढील दोन शतकांत रोगराईनें आणि लढायांनीं हें राष्ट्र नामशेष झालें. त्यांच्या मागून क्यूबाहून स्पॅनिश बोलणारे मच्छीमार येऊं लागले. बेटांवर झोंपड्या घालून ते बोईचे मासे खारवीत व हवानाच्या बाजारांत धाडीत. तेथल्याच इंडियन स्त्रियांशीं त्यांनीं संसार थाटले. १८३५ सालीं सेमिनोल लोकांशीं अमेरिकन सरकारचें युद्ध सुरू झालें, त्यांत ह्याही वस्त्या उठल्या. तेव्हां पाहुणा येण्याच्या आधींच हें पाणी ओळखणारे लोक त्यावरून दोनदां हुसकले गेले होते, हें ध्यानांत ठेवलें म्हणजे पुढील हकीकत नीट उमगते.

पुंता रासा हें ह्या किनाऱ्यावरचें एक टोंक. तेथून क्यूबास गुरें चढविलीं जात आणि गुराखी स्पॅनिश सोन्याचीं नाणीं कमरेला बांधून परतत. १८६७ सालीं हवानाकडे जाणारी समुद्री तारेची लाईन येथून निघाली, आणि जॉर्ज शुल्ट्झ नांवाचा तारमास्तर येथें येऊन राहिला. लष्कराच्या एका जुन्या बराकींत त्याचें तारऑफिस होतें. तेथेंच तो आल्यागेल्या गुराख्यांस निजावयास जागा आणि जेवण देई. ह्या ओबडधोबड खानावळीचें भाग्य १८८५ च्या मार्च महिन्यांत उजाडलें. न्यूयॉर्कचे डब्ल्यू. एच. वुड ह्या गृहस्थांनीं जवळच्याच पाण्यांत काठी व रीळ घेऊन ९३ पौंडांचा एक टार्पन धरला. त्याआधींही कोणी कोणी असा मासा धरल्याचे दावे आहेत, आणि पहिलेपणाचा तो वाद आम्हांस फारसा महत्त्वाचा वाटत नाहीं. महत्त्वाचें हें कीं, वुडची बातमी पसरली. तोंवर टार्पन भाल्यानें मारीत. तो गळावर येईल ही गोष्ट शिकारी लोकांस खरी वाटत नव्हती. पुढील कांहीं हंगामांत शुल्ट्झची बराक ‘टार्पन हाऊस’ बनली, आणि जेथें गुराखी घोंगडी अंथरीत होते तेथें लक्षाधीश येऊन उतरूं लागले. एडिसन हाही १८८५ च्या मार्चमध्येंच ह्या बाजूस प्रथम आला व जवळच्या फोर्ट मायर्स गांवीं त्यानें हिंवाळी घरासाठीं जागा घेतली.

वुड होडींत एकटा नव्हता. ती वल्हवावयास एक स्थानिक माणूस बरोबर होता, आणि हीच पुढील सर्व व्यवहाराची मुहूर्तमेढ होय. उत्तरेकडून आलेल्या गृहस्थाजवळ उत्तम काठी असे, तागाची बारीक दोरी असे, पैसा तर असेच. परंतु मासा कोणत्या वळणावर, ओहोटीच्या कोणत्या घटकेस येतो, हें त्यास काय ठाऊक! तें ठाऊक होतें जाळीं टाकून बोई धरणाऱ्या कोळ्यास. विशेष असें कीं, त्या कोळ्यास स्वतःला टार्पनचा कांहींच उपयोग नव्हता. मांस कांटेरी आणि बेचव, बाजारांत भाव नाहीं, वर जाळें फाडणार. म्हणजे ज्या माशास तो आजवर शिव्या देत होता, तोच आतां दाखविण्याबद्दल त्यास मजुरी मिळूं लागली. ज्ञान तेंच, होडी तीच; गिऱ्हाईक मात्र मासळीस नव्हे, कोळ्याला मिळालें. योगायोग असा कीं १८८६ सालीं पुंता गोर्डा येथपर्यंत आगगाडी आली आणि बर्फांत घातलेली बोई दूरदूर जाऊं लागली. मासळी सांठविण्यासाठीं भर पाण्यांत खांबांवर उभारलेलीं बर्फघरें त्या काळचीं होत. जाळें आणि गळ हे दोन्ही धंदे अशा रीतीनें जोडीनेंच वाढले, आणि पुष्कळदां एकाच माणसाच्या दोन हातांत राहिले.

त्या दिवसांतील वाटाड्याचें काम हलकें नव्हतें. पाहुणा पाठीमागच्या फळीवर बसे. वाटाड्या वल्हीं मारी, आमिष लावी, मासा लागतांच नांगर सोडून होडी त्याच्या मागें पिटाळी. आरंभींच्या रिळांस आंतून रोध नव्हता. मासा पळूं लागला कीं रिळाची मूठ उलटी गरगर फिरे आणि बोटें फोडून काढी. कातड्याच्या तुकड्यानें अंगठा दाबून दोरी आंवरावी लागे. १९१३ च्या सुमारास आंतून रोध असलेलीं रिळें निघालीं, तेव्हां कोठें पाहुण्यांचे हाल कमी झाले. मग मासा मेलाच तर फलाट्यावर टांगून त्याच्याजवळ पाहुण्यानें उभें राहून छायाचित्र काढून घ्यावयाचें. ए. डब्ल्यू. डिमॉक ह्यांचा ‘द बुक ऑफ द टार्पन’ हा १९११ चा ग्रंथ. त्यांतील हवेंत उसळलेल्या माशांचीं छायाचित्रें त्यांच्या मुलानें काढलेलीं आहेत, आणि शंभर वर्षें उलटून गेल्यावरही तीं पाहतांना डोळे विस्फारतात. एक मात्र वाचकांनीं विचारांत घ्यावें: मासा हवेंत, पाहुणा काठीला लोंबकळलेला, छायाचित्रकार दुसऱ्या होडींत, अशा वेळीं दोन्ही होड्या उलटूं न देणारा कोणी तरी असलाच पाहिजे!

धनिकांची ये-जा वाढली तशी ह्या धंद्यास शिस्त आली. १९११ सालीं बॅरन कॉलियर ह्यांनीं युसेपा बेट विकत घेतलें व १९१२ मध्यें तेथें आयझॅक वॉल्टन क्लब निघाला. हलक्या काठीनें मासा धरणारास बिल्ले देण्याची चाल ह्या क्लबानें पाडली. बोका ग्रांद येथें फॉस्फेटच्या निर्यातीसाठीं रेल्वे आली आणि तिच्या पाठोपाठ श्रीमंती हॉटेल उभें राहिलें. टेक्सस संस्थानांतील पोर्ट अरान्सस गांवचा मासला तर आणखी मौजेचा: कांहीं काळ त्या गांवाचें नांवच ‘टार्पन’ होतें, आणि तेथल्या टार्पन इन ह्या हॉटेलाच्या भिंतींवर पाहुण्यांनीं आपापल्या माशाचा खवला सही करून चिकटविलेला आहे. १९३७ सालीं तेथें आलेले अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट ह्यांचाही सहीचा खवला तेथें आहे. त्यांस मासा मिळवून दिला तो गांवांतल्या फार्ली नांवाच्या घराण्यानें. होड्या बांधणें आणि पाहुण्यांस समुद्रावर नेणें हाच त्या घराण्याचा उद्योग.

मासा टांगण्याची चाल हळूहळू मागें पडली. १९८९ सालीं फ्लॉरिडानें टार्पन मारावयाचा तर पन्नास डॉलरांचा परवाना लागेल असें ठरविलें. २०१३ पासून तर, विक्रमाची नोंद करावयाची नसेल तर, मासा सोडूनच द्यावा लागतो, आणि ४० इंचांहून मोठा असल्यास पाण्याबाहेर काढण्याचीही मनाई आहे. त्याच वर्षीं बोका ग्रांदच्या मुखाशीं वापरला जाणारा, तळाशीं वजन जोडलेला एक गळ बंद करण्यांत आला. तो माशाच्या तोंडाऐवजीं अंगांत घुसतो असा जुन्या वाटाड्यांचा आक्षेप होता. हा वाद कडू झाला, पण त्यांत प्रथमच वाटाड्या स्वतःच्या नांवानें सरकारपुढें बोलतांना दिसतो.

ह्याच्या उलट बाजूची गोष्ट सांगितल्याखेरीज मात्र हा इतिहास प्रामाणिक होणार नाहीं. १९९४ च्या नोव्हेंबरांत फ्लॉरिडाच्या मतदारांनीं घटनेंत दुरुस्ती करून किनाऱ्यालगत गुंतविणारीं जाळीं बंद केलीं. १९९५ च्या जुलैपासून ती अमलांत आली. मासळीचा नाश थांबावा हा हेतु होता, आणि जाळ्यांचा अतिरेक होत होता हेंही खोटें नव्हे. परंतु मतें देणाऱ्यांत जाळीं टाकणारे मूठभर होते, आणि काठीनें मासे धरणाऱ्या हौशी लोकांच्या संस्था ह्या चळवळीच्या अग्रभागीं होत्या. उत्तर कॅरोलायनाहून येऊन १८८० च्या दशकांत कॉर्टेझ गांव वसविणाऱ्या कोळ्यांच्या वंशजांवर पिढीजात जाळें टाकून देण्याची पाळी आली. त्यांतले कांहीं पाहुण्यांस नेणारे वाटाडे बनले. ज्याच्या आज्यास बोई पकडून वर टार्पन दाखवितां येत असे, त्याच्या हातीं आतां दाखविणें तेवढें उरलें. खेळाच्या पैशानें कोळ्याचें घर तगलें, हें खरें. पण त्याच खेळाच्या मतांनीं त्याचें जाळें गेलें, हेंही खरें. एकासाठीं दुसरें झांकून ठेवणें आम्हांस मान्य नाहीं.

आज ह्या वाटाड्यास किनारारक्षक दलाचा परवाना लागतो. साध्या परवान्यावर सहांपेक्षां अधिक पाहुणे नेतां येत नाहींत. टार्पनचा भर एप्रिलपासून जुलैपर्यंत. परंतु महिना ठरला म्हणजे दिवस ठरला असें नव्हे. मे आणि जूनमधील अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाणाची ओहोटी लागली कीं खाडींतले खेकडे बोका ग्रांदच्या मुखांतून थव्यांनीं बाहेर वाहूं लागतात, आणि त्यांवर टपलेले टार्पन शेंकड्यांनीं तेथें गोळा होतात. त्यांच्या मागोमाग मोठाल्या मुशी येतात व गळाला लागून थकलेला मासा डोळ्यांदेखत तोडून नेतात, तो भाग निराळा. म्हणून अनुभवी गिऱ्हाईक प्रथम तारीख विचारीत नाहीं, भरतीओहोटीचें कोष्टक पाहतो, आणि उधाणाचे ते दोन-चार दिवस आधींच कोणी अडवून ठेवलेले असतात. नामांकित वाटाड्याकडे असे दिवस वर्षानुवर्षें त्याच त्या कुटुंबांच्या नांवानें लागलेले असतात. बाप थकला कीं मुलगा तेच दिवस पुढें चालवितो. २०२२ च्या सप्टेंबरांत इयान नांवाचें तुफान बरोबर ह्याच मुखाजवळच्या कायो कोस्टा बेटावर आदळलें, होड्या किनाऱ्यावर फेंकल्या गेल्या, सॅनिबेल बेटाचा पूल तुटला. पुढील वर्षाच्या मे महिन्यांत उधाणाची ओहोटी लागली तेव्हां खेकडे नेहमींप्रमाणें वाहूं लागले.