मागचा एक्सल जुना घ्यावा का?

तळेऱ्याला विजयदुर्गाकडचा आणि वैभववाडी-गगनबावड्यावरून कोल्हापूरला जाणारा, असे दोन्ही रस्ते मुंबई-गोवा महामार्गाला मिळतात. या टापूत फोर बाय फोर गाडी ही हौसेची वस्तू फार उशिरा झाली. त्याआधी ती कामाची गाडी होती: कातळावरच्या कलमांना फवारणीचे पाणी चढवणारी, मोसमात आंब्याच्या पेट्या उतरवणारी. अशा जुन्या जीपचा मागचा एक्सल बोलू लागला की मालकाला सगळीकडून एकच सल्ला मिळतो, ‘भंगारातला एक्सल घेऊ नको, नवा क्राऊन-पिनियन टाक आणि मोकळा हो.’

या मताला आधार नाही असे नाही, म्हणून आधी पूर्वपक्ष नीट मांडायला हवा. लोखंड थकते. वर्षानुवर्षे ओझे आणि चढ सोसलेल्या एक्सलच्या पोटात काय चालले आहे ते बाहेरून दिसत नाही. विकणारा काळा रंग मारतो, जाड ग्रीस भरतो, कधी आवाज दाबायला तेलात लाकडाचा भुसाही घालतो. शिवाय माल चोरीच्या गाडीचा निघाला तर घेणाराही अडकतो. हे सगळे मुद्दे खरे आहेत. मात्र त्यांतून ‘म्हणून नवा घ्यावा’ हा निष्कर्ष निघत नाही.

‘एक्सल थकतो’ म्हणताना आपण अनेक वस्तूंना एकच वस्तू समजतो. उदाहरण सीजे-३बीचे घेऊ. अमेरिकेत ही जीप १९५३ ते १९६८ या काळात बनली. आपल्याकडे महिंद्रांनी त्याच घडणीची जीप त्यानंतरही वर्षानुवर्षे बनवली. तिचा मागचा एक्सल स्पायसरच्या ४४ जातीचा, म्हणजे ज्याला आज जीपवाले डाना ४४ म्हणतात तो. मधला गोळा बिडाचा, त्यात दाबून बसवलेल्या पोलादी नळ्या, आत कोनिकल बेअरिंगांवर फिरणारी क्राऊन-पिनियनची जोडी, दोन शाफ्ट, टोकांना ऑइल सील आणि ब्रेक. यांतल्या प्रत्येकाचे आयुष्य वेगळे. रबरी सील काही वर्षांत कडक होते. बेअरिंग झिजते, पण ते ठरावीक मापाचे असते आणि चांगल्या कंपनीचे नवे मिळते. हाउसिंग, म्हणजे गोळा आणि नळ्या, वाकलेले वा तडकलेले नसेल तर त्याला म्हातारपण येत नाही. राहिली क्राऊन-पिनियनची जोडी, आणि खरा वाद तिच्यावरच आहे.

या दातांचा वरचा थर कार्बन देऊन कडक केलेला असतो. तेल स्वच्छ आणि योग्य प्रतीचे असेल तर दात एकमेकांवर तेलाच्या पापुद्र्यावरून सरकतात. दोष मुळातच असेल, पोलाद वाईट असेल किंवा कडकपणा नीट दिला नसेल, तर अशी जोडी बहुधा लवकरच बोलते. वीस वर्षे चालून ज्या दातांवर खड्डा नाही, पापुद्रा निघालेला नाही, टोक उडालेले नाही, त्या जोडीने आपली परीक्षा आधीच दिलेली आहे. बंद पडलेल्या मॉडेलसाठी बाजारात ‘नवी’ म्हणून मिळणारी जोडी बहुतेक वेळा मूळ कारखान्याची नसतेच. तिची परीक्षा व्हायची बाकी असते, आणि ती तुमच्या गाडीत, करूळ घाटाच्या वळणांवर होणार असते.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की नवी जोडी घेतल्याने कष्ट वाचतात, हाच मोठा गैरसमज आहे. क्राऊन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जुळवलेले असतात. म्हणून त्यांवर जोडीचा क्रमांक कोरलेला असतो आणि एकाचा क्राऊन दुसऱ्याच्या पिनियनला लावायचा नसतो. जोडी कोणतीही असो, हाउसिंगमध्ये ती शिम, म्हणजे पातळ चकत्या, घालून बसवावी लागते. पिनियन किती आत जायचा, बेअरिंगवर किती ताण ठेवायचा, दातांमध्ये खेळ किती सोडायचा, हे सगळे ठरवावे लागते. डाना ४४ मध्ये हा खेळ साधारण ०.१३ ते ०.२५ मिलिमीटर असतो. हाताला हे कळत नाही. त्याला डायल गेज लागतो. मग तेलात कालवलेला शेंदूर किंवा निळा रंग दातांना लावून क्राऊन फिरवायचा आणि छाप पाहायची. (देवळातला आणि गॅरेजातला शेंदूर मुळात एकच, शिशाचा, हात धुतल्याशिवाय भाकरीला बसू नये.) छाप दाताच्या मुळाशी पडली तर पिनियन जास्त आत गेलेला, टोकाशी पडली तर कमी. कोऱ्या हाउसिंगमध्ये कोरी जोडी बसवताना हे सारे शून्यापासून करावे लागते. जुना एक्सल अखंड घेतला तर मूळ शिमांची थप्पी हातात येते. ती मोजून, नवे बेअरिंग घालून, तिथूनच सुरुवात करता येते. सुट्या जुन्या क्राऊन-पिनियनपेक्षा अख्खा एक्सल घ्यावा असे मी म्हणतो ते यासाठी.

घाटावर ‘नवा सेट टाकूनही सहा महिन्यांत आवाज आला’ ही तक्रार ऐकायला येते. दोष बहुधा मालाचा नसतो. गेज न लावता, जुनी शिम जशीच्या तशी ठेवून जोडी बसवलेली असते. जोडणी बिघडली तर नव्यालाही वाचवता येत नाही. हाच न्याय जुन्या एक्सललाही लागतो, म्हणून तळेऱ्याच्या गॅरेजात सोय नसेल तर खोललेला गोळा घेऊन कोल्हापूरच्या उद्यमनगरपर्यंत जायला आळस करू नये. तिथे लेथ आणि मोजमाप यांचा तोटा नाही.

आता विरुद्ध टोकाच्या मताचाही समाचार घ्यायला हवा, कारण जीपवाल्यांमध्ये तेही जोरात आहे: ‘मिलिटरीचा माल म्हणजे पोलादच वेगळे.’ पोलाद कसेही असो, रेशो वेगळा असतो. युद्धकाळातल्या विलीज एमबीचा रेशो ४.८८, म्हणजे ३९ दातांचा क्राऊन आणि ८ दातांचा पिनियन. सीजे-३बीचा ५.३८, म्हणजे ४३ आणि ८. पुढे एक आणि मागे दुसरा लावून फोर बाय फोर टाकले तर पुढची-मागची चाके एकमेकांशी भांडतात. वाळूत हे लपते; कातळावर ट्रान्सफर केस किंवा जॉइंट तुटतो. म्हणून विकणाऱ्याच्या शब्दावर न जाता एक चाक धरून दुसरे दोनदा फिरवावे आणि पिनियनचे फेरे मोजावेत. पाचच्या अलीकडे आहे की पलीकडे, एवढे तरी कळतेच. शंका राहिली तर झाकण काढून दात मोजावेत.

पूर्वपक्षाला एक जागा मी पूर्ण सोडतो, ती शाफ्टची. एमबीच्या मागच्या एक्सलमध्ये गाडीचा भार हाउसिंग घेते, शाफ्ट फक्त फिरवतो. सीजे-३बीच्या सेमी-फ्लोटिंग एक्सलमध्ये चाक शाफ्टवरच टेकलेले असते. शाफ्ट तुटला की चाक बाहेर. त्याचे टोक निमुळते, चावी घातलेले. नट सैल राहिला तर चावीच्या खाचेतून तडा सुरू होतो आणि तो डोळ्याला दिसत नाही. स्प्लाइन पिळलेल्या दिसल्या तर शाफ्ट फेकून द्यावा. सरळ दिसल्या तरी तडा शोधणारा रंग लावून तपासल्याशिवाय बसवू नये. खात्री नसेल तर इथे नवाच घ्यावा. ब्रेकचे सिलिंडर आणि लायनर तर नवेच. थोडक्यात, जुन्याचे समर्थन हाउसिंग आणि दातांपुरते आहे, त्यापलीकडे नाही.

चोरीच्या मालाची भीती खरी, पण तिचे उत्तर नवेपणात नसून पावतीत आहे. नोंदणी पुस्तकात चेसिस आणि इंजिनचा क्रमांक असतो, एक्सलचा नसतो. त्यामुळे त्याच जातीचा एक्सल बदलला म्हणून आरटीओची फेरी लागत नाही. पण रुंद एक्सल घालून गाडीचे मापच बदलले, तर मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आड येते. आणि चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे, म्हणून विकणाऱ्याच्या नावपत्त्यासह बिल मागावे. द्यायला कां-कूं करणाऱ्याकडून घेऊच नये.

घेतानाची परीक्षा कोकणात थोडी वेगळी. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि पऱ्ह्या-ओढ्यातून गाडी जाते. गरम हाउसिंग थंड पाण्यात बुडाले की आतली हवा आकसते, आणि ब्रीदर, म्हणजे हवेची वाट, बुजलेला असेल तर सीलमधून पाणी आत ओढले जाते. म्हणून ड्रेन प्लग उघडून तेल पाहावे. दुधाळ असेल तर बेअरिंग आणि दात दोन्ही गंजाच्या संशयात. प्लगला चिकटलेली करडी पेस्ट चालते, चकचकीत तुकडे चालत नाहीत. बांधताना ब्रीदरला नळी जोडून तिचे तोंड चेसिसवर उंच बांधावे. तेल जीएल-५ प्रतीचे, कारण क्राऊनच्या मध्याखाली बसणाऱ्या हायपॉइड पिनियनचे दात घसटत सरकतात आणि जीएल-४ तेवढा दाब सोसत नाही. पहिले पाचशे किलोमीटर ओझे न भरता चालवून ते तेल काढून टाकावे, प्लग पुन्हा पाहावा, आणि करड्या पेस्टऐवजी तुकडे दिसले तर गाडी बागेत न नेता एक्सल पुन्हा खोलावा.