रिकासोलींचे पत्र आणि निफाडची थंडी

इटलीच्या लाल वाइनचा इतिहास लिहिताना एका पत्राचा उल्लेख टाळता येत नाही. त्यावरची तारीख आहे 26 सप्टेंबर 1872. लिहिणारे बॅरन बेत्तिनो रिकासोली, टस्कनीतल्या ब्रोलियो किल्ल्याचे धनी. पहिले पंतप्रधान काव्हूर यांच्या मृत्यूनंतर 1861 मध्ये एकीकृत इटलीचे पंतप्रधानपद त्यांच्याकडे आले होते. पत्र लिहिताना त्यांचे वय 63 होते आणि ज्यांना लिहिले ते चेझारे स्तुदियाती पिसा विद्यापीठात प्राध्यापक होते. विषय एकच : आपल्या कियान्ती भागातली वाइन कोणत्या द्राक्षांच्या मेळातून करावी.

रिकासोलींचे म्हणणे असे. सांजोवेझे या द्राक्षातून वाइनला मुख्य सुगंध आणि अंगची धार मिळते. कानायोलो तिचा कठोरपणा गोडव्याने सौम्य करते, पण सुगंधाला धक्का लावत नाही. माल्वाझिया हे पांढरे द्राक्ष वाइन हलकी करते, रोजच्या जेवणासाठी लवकर पिण्याजोगी करते. म्हणून मुरवत ठेवायच्या वाइनमध्ये ते टाळलेले बरे. यामागे त्यांची अनेक वर्षांची प्रयोगांची मेहनत होती आणि ती पत्राच्या प्रत्येक विधानात जाणवते.

या पत्राच्या नावावर एक सूत्र जगभर फिरते : सत्तर टक्के सांजोवेझे, वीस टक्के कानायोलो, दहा टक्के माल्वाझिया. पत्रातला जो उतारा सगळीकडे दिला जातो, त्यात टक्केवारी नाहीच. कोणत्या द्राक्षाने काय साधते एवढेच त्यात आहे. आकडे नंतरच्यांनी चिकटवले. साधन काय सांगते आणि लोक त्याच्या तोंडी काय घालतात, यातला हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण पुढची सगळी गुंतागुंत आकड्यांनीच केली.

पत्राच्या दीडशे वर्षे आधीचा दुसरा कागद वेगळ्या जातीचा आहे. 24 सप्टेंबर 1716 रोजी टस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोझिमो याने जाहीरनामा काढून चार प्रदेशांच्या सीमा ठरवल्या : कियान्ती, पोमिनो, कार्मिन्यानो आणि वरचे आर्नो खोरे. कियान्तीची हद्द स्पेदालुत्सोपासून ग्रेव्हे, पान्त्सानो, मग राद्दा, गायोले, कास्तेल्लीना अशी सिएनाच्या सरहद्दीपर्यंत गावांच्या नावांनी सांगितली आहे. वाइन या नावाने विकायची तर ती या हद्दीतलीच हवी. एका कागदाने जागा बांधली, दुसऱ्याने मेळ सांगितला. पहिला हुकूम आहे, दुसरा अनुभवाचा सल्ला.

1967 मध्ये इटालियन सरकारने कियान्तीची नियमावली लागू केली तेव्हा दोन्ही गोष्टी कायद्यात एकत्र आल्या. आणि तिथेच घोटाळा झाला. सांजोवेझे 50 ते 80 टक्के, कानायोलो 10 ते 30, आणि त्रेब्बियानो व माल्वाझिया ही पांढरी द्राक्षे 10 ते 30 टक्के. म्हणजे जे द्राक्ष टिकाऊ वाइनमध्ये टाळा असे रिकासोली सांगत होते, ते किमान दहा टक्के घालणे सक्तीचे झाले. वाइन पातळ झाली, नाव घसरले.

याविरुद्धचे बंड कुठल्या निवेदनात नाही, बाटलीवरच्या चिठ्ठीत नोंदलेले आहे. आन्तिनोरी घराण्याची तिन्यानेल्लो ही वाइन 1970 च्या हंगामात कियान्ती क्लासिको म्हणूनच निघाली होती. 1971 पासून ते नाव गेले. चिठ्ठीवर नुसती टस्कनीची ‘टेबल वाइन’ राहिली, म्हणजे कायद्याच्या उतरंडीतली सगळ्यात खालची पायरी. 1975 च्या हंगामापासून पांढरी द्राक्षे पूर्ण हद्दपार झाली आणि सांजोवेझेच्या जोडीला फ्रान्सचे काबर्ने आले. पिएरो आन्तिनोरी आणि त्यांचे वाइनतज्ज्ञ जाकोमो ताकिस यांनी प्रतिष्ठेचे नाव सोडले आणि मेळ सुधारला. कायदा त्यांच्यामागून आला. 1996 मध्ये कियान्ती क्लासिकोत निव्वळ सांजोवेझेला परवानगी मिळाली, 2006 च्या हंगामापासून पांढऱ्या द्राक्षांवर बंदीच आली.

आता महाराष्ट्राकडे येऊ. इथे इटलीचा लाल मेळ नाव घेऊन उतरला तो सोलापूर जिल्ह्यात, माळशिरस तालुक्यातल्या अकलूजला. 2007 मध्ये फ्रातेल्ली वाइन्स उभी राहिली ती भावांच्या तीन जोड्यांवर : अकलूजचे मोहिते-पाटील, दिल्लीचे सेखरी आणि इटलीचे सेच्ची. वाइन करण्यासाठी टस्कनीचे पिएरो मासी आले. सहा भाऊ आणि मासी मिळून सात, म्हणून त्यांच्या मुख्य लाल वाइनचे नाव ‘सेत्ते’. तिच्यात सांजोवेझे आहे आणि काबर्ने सोव्हिन्यों आहे. कानायोलो नाही, माल्वाझिया नाही. या वाइनचे कुळ शोधायचे तर रिकासोलींच्या पत्रापाशी थेट पोहोचता येत नाही. ते 1975 च्या तिन्यानेल्लोपाशी सापडते. इटलीचा पुरातन वारसा म्हणून आपल्यापुढे जे येते, त्याचे वय पन्नास वर्षांच्या आसपास आहे. यात कमीपणा काही नाही. उलट हा मेळ जिथे जन्मला तिथे कायद्याबाहेरचा होता, त्यामुळे तो कुठल्याही हद्दीशी जखडलेला नव्हता आणि म्हणूनच समुद्र ओलांडून येऊ शकला.

मेळाचा गुण मात्र समजून घेतला पाहिजे. सांजोवेझेचा रंग फिका असतो, पण तिच्यात आंबटपणा भरपूर आणि तुरटपणा ठसठशीत. काबर्ने रंग देते, अंग भरते, काळसर फळांचा वास आणते. आपल्याकडच्या उन्हात द्राक्षात साखर झपाट्याने भरते आणि आंबटपणा तितक्याच झपाट्याने उतरतो. जात्याच आंबटपणा धरून ठेवणारे द्राक्ष इथे उपयोगी पडते ते त्यामुळे.

नाशिकचे साधन वेगळे बोलते. इथले जुने बागायतदार भोकरी, फकडी लावत. मग थॉमसन सीडलेस आली, तिच्यातून निवडलेली तास-ए-गणेश, सोनाका आली. ही सगळी खायची द्राक्षे. वाइनसाठी पायवाट केली ती 2001 च्या राज्य सरकारच्या द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरणाने. उत्पादन शुल्कात सूट मिळाली, वायनरीला प्रक्रिया उद्योगाचा दर्जा आला, निफाड तालुक्यात विंचूरला आणि सांगली जिल्ह्यात पलूसला वाइन पार्क ठरले. 1949 च्या दारूबंदी कायद्याच्या राज्यात हे वळण मोठे होते. नाशिकच्याच सुला वायनरीच्या पहिल्या बाटल्या त्याआधीच, 2000 मध्ये बाजारात आल्या होत्या, पण त्या पांढऱ्या वाइनच्या आणि द्राक्षे फ्रेंच. पुढे ‘नाशिक व्हॅली वाइन’ला भौगोलिक मानांकन मिळाले. कोझिमोच्या जाहीरनाम्याशी नाते सांगणारा हा नाशिकचा कागद : जागेचे नाव आता कायद्याने राखलेले आहे.

इटलीची द्राक्षे नाशिकात भेटतात ती निफाडजवळच्या कुंदेवाडीला, रेव्हेलो या नावाने वाइन काढणाऱ्या व्हिंटेज वाइन्सच्या बागेत. आंद्रेया व्हालेन्तिनुझी या इटालियन वाइनतज्ज्ञाच्या हाताखाली इथे सिसिलीची दोन द्राक्षे रुजली : लाल नेरो दाव्होला आणि पांढरे ग्रिल्लो. नेरो दाव्होलाचा पूर्वेतिहास मला विशेष जिव्हाळ्याचा वाटतो. दीर्घकाळ सिसिलीहून तिची वाइन पिंपांतून उत्तरेकडे जाई आणि तिकडच्या फिक्या वाइनला रंग नि जोर देण्यासाठी तिच्यात मिसळली जाई. बाटलीवर तिचे नाव येत नसे. चेरासुओलो दि वित्तोरिया या सिसिलीच्याच वाइनमध्ये ती फ्रप्पातोसोबत उघडपणे असते; 2005 मध्ये त्या मेळाला इटलीतला सर्वोच्च दर्जा मिळाला. निफाडच्या काळ्या मातीत मात्र ती स्वतंत्र वाइन झाली, स्वतःच्या नावाने. दुसऱ्यांच्या मेळात निनावी राबलेल्या द्राक्षाला इथे बाटलीवर जागा मिळाली.

कुंदेवाडी हे नाव नाशिककरांना दुसऱ्या कारणानेही ठाऊक आहे. दर हिवाळ्यात ‘निफाडचा पारा घसरला’ अशी जी बातमी येते, तिच्यातला आकडा बहुधा कुंदेवाडीच्याच गहू संशोधन केंद्रातल्या नोंदीचा असतो. डिसेंबर-जानेवारीत तो एक आकडी होतो. खायच्या द्राक्षांचे बागायतदार त्या रात्री बागेत शेकोट्या पेटवतात, कारण थंडीने मणी तडकतात. वाइनच्या द्राक्षाला मात्र थंड रात्री हव्या असतात; रात्र गार राहिली की आंबटपणा टिकतो. एकाच शिवारात एकाच पाऱ्याचे दोन अर्थ निघतात. नाशिकच्या वाइनचा इतिहास लिहिणाऱ्याने ही तापमानाची नोंदवही मद्य परवान्यांच्या फायलींइतकीच जपून वाचली पाहिजे.

ती वाचताना एक पथ्य पाळावे लागते. टस्कनीत वेल हिवाळ्यात झोपतो, वसंतात फुटतो आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात तोडणी होते. रिकासोलींचे पत्र ऐन तोडणीच्या दिवसांतले आहे. आपल्याकडे वेल झोपत नाही, म्हणून त्याला दोनदा छाटावे लागते : एप्रिलमध्ये खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी. फळ जानेवारी ते मार्चमध्ये उतरते. त्यामुळे सेत्तेच्या बाटलीवर 2009 असेल, तर तो घड 2008 च्या गोडी छाटणीनंतर फुटला आणि 2008 च्या डिसेंबरातल्या थंडीत वाढला. त्याच वर्षाची तिन्यानेल्लो तोडली गेली तेव्हा अकलूजची वाइन सहा-आठ महिन्यांची झालेली होती. दोन्ही बाटल्यांवर वर्ष एकच छापलेले दिसते; पण महाराष्ट्रातल्या बाटलीचे हवामान तपासायचे तर नोंदवही एक वर्ष मागे उलटून पाहावी लागते.