खुंटीपासून गिट्टीपर्यंत

आपल्याकडे 'गॅरेज' म्हटले की गाड्या दुरुस्त करण्याची जागा डोळ्यांसमोर येते. अमेरिकेत आणि युरोपात मात्र घराला लागून असलेल्या, मोटार ठेवण्याच्या खोलीलाही गॅरेज म्हणतात. तिथे मोटारीच्या सोबतीला हातोड्या, करवती, पाने, रंगाचे डबे, बागेची अवजारे असा सगळा संसार असतो. जमीन मोटारीने अडवलेली, म्हणून सामान भिंतींवर चढते. सुटीच्या दिवशी स्वतःच्या हाताने फळ्या आणि आकडे ठोकून ही भिंत सजवणे हा तिथल्या अनेकांचा आवडीचा उद्योग आहे.

यात इतिहास तो कसला, असे वाटेल. पण ज्याला भिंतीवर काही टांगायचे आहे त्याच्यापुढे एक जुनाच प्रश्न उभा असतो. बांधून पुऱ्या झालेल्या भिंतीला वजन पेलायला कसे लावायचे?

आपल्या जुन्या घरांत हा प्रश्न आधीच सोडवलेला असे. भिंत रचतानाच गवंडी लाकडी खुंटी आत चिणून टाकी. वरच्या बांधकामाच्या भाराखाली ती पक्की दबून राही. कोनाडाही तेव्हाच ठेवला जाई. मात्र खुंटी कुठे हवी हे घर बांधताना ठरवावे लागे. नंतर विचार बदलला तर इलाज अवघड.

खिळा का चालत नाही? लाकडात खिळा घुसला की तंतू बाजूला सरतात आणि परत जागेवर येण्याच्या ओढीने खिळ्याला आवळून धरतात. वीट ठिसूळ असते. ती सरत नाही, तिचा भुगा होतो आणि खिळा सैल पडतो. म्हणून कारागीर छिन्नीने भिंतीत चौकोनी खड्डा खोदत, त्यात लाकडी गुटका ठोकत आणि गुटक्यात स्क्रू पिळत. काम पक्के होई, पण वेळ फार लागे आणि गिलाव्याचे नुकसान होई.

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये विजेची उपकरणे बसवताना नेमकी हीच अडचण आली. भिंतींची नासधूस न करता काम व्हायला हवे होते. हे काम करणारे जॉन जोसेफ रॉलिंग्ज यांनी यातून एक छोटीशी नळी शोधून काढली आणि १९११ साली तिच्या पेटंटसाठी अर्ज केला. ही नळी तागाच्या तंतूंची होती आणि तंतू एकत्र बांधायला जनावरांचे रक्त डिंकासारखे वापरले होते. भिंतीला लहान गोल भोक पाडायचे, नळी आत सारायची आणि तिच्यात स्क्रू पिळायचा. स्क्रू आत जातो तसे तंतू फुगून भोकाच्या कडांवर दाबले जातात. दाब वाढला की घर्षण वाढते. स्क्रूला धरून ठेवते ते हे घर्षण. त्या काळी जगातला बहुतेक ताग बंगालमध्ये पिकत असे. म्हणजे लंडनच्या भिंतीतली ही पकड मूळची बंगालच्या शेतातली होती! रॉलिंग्ज यांच्या नावावरूनच तिला 'रॉलप्लग' म्हणू लागले. आपल्या हार्डवेअरच्या दुकानात कोणी तिला रॉल प्लग म्हणतो, कोणी गिट्टी.

१९५८ साली जर्मनीच्या आर्टुर फिशर यांनी तागाऐवजी नायलॉन वापरले. नायलॉन कुजत नाही आणि दाबल्यावर लवचीकपणे पसरते. त्यांच्या गिट्टीला चिरा आणि दाते होते, त्यामुळे ती भोकात स्क्रूबरोबर फिरत नसे. आज दुकानात मिळणाऱ्या प्लास्टिकच्या गिट्ट्या याच कुळातल्या.

पण गिट्टीसाठी भोक तर हवे. अमेरिकेतील ब्लॅक आणि डेकर यांच्या कंपनीला पिस्तुलासारखी मूठ आणि घोडा असलेल्या विजेच्या ड्रिलचे पेटंट १९१७ साली मिळाले. तरीही ड्रिल बरीच वर्षे कारखान्यातच राहिले. दुसरे महायुद्ध संपल्यावर, १९४६ साली, या कंपनीने घरगुती वापराची स्वस्त ड्रिले बाजारात आणली आणि गवंड्या-सुतारांचे काम हौशी माणसाच्या हाती आले.

अमेरिकेतील अडचण थोडी वेगळी होती. तिथल्या बऱ्याच घरांच्या भिंती विटांच्या नसतात. साधारण १६ इंचांवर एकेक लाकडी खांब आणि त्यांवर पातळ तक्ते अशी त्यांची रचना असते. खांबात स्क्रू पक्का बसतो, मधल्या पोकळीत मात्र पकड नाही. यावरचे उत्तर लाकडाच्या टाकाऊ तुकड्यांतून मिळाले. मिसिसिपी राज्यात लॉरेल या गावी विल्यम मेसन यांनी १९२४ साली एक प्रक्रिया शोधली. लाकडाच्या चिपा बंद भांड्यात वाफेच्या प्रचंड दाबाखाली ठेवायच्या आणि दाब एकदम सोडायचा. चिपांच्या चिंध्या होऊन तंतू सुटे होतात. ते गरम पत्र्यांमध्ये दाबले की लाकडातलेच लिग्निन त्यांना एकजीव करते. हेच हार्डबोर्ड. त्याला दर इंचावर भोके पाडून तो खांबांवर ठोकला की सबंध भिंतीवर हवी तिथे खुंटी! आकड्याचे वर वळवलेले टोक भोकातून मागे जाते. पुढे वजन टांगले की आकडा पुढे कलू पाहतो आणि ते टोक फळ्याच्या पाठीवर घट्ट दाबले जाते. त्यासाठी फळ्यामागे थोडी मोकळी जागा मात्र सोडावी लागते.

वजन 'कलू पाहते' हा मुद्दा आम्हीही एकदा चुकून शिकलो. आमच्या प्रयोगशाळेतील एक मांडणी एका रात्री बाटल्यांसकट खाली आली. गिट्ट्या चांगल्या होत्या, पण त्या नुसत्या गिलाव्यात बसवल्या होत्या. विटेपर्यंत पोचल्याच नव्हत्या. शिवाय जड बाटल्या फळीच्या कडेला ठेवलेल्या. सकाळी काचा गोळा करताना आम्ही मनाशी हिशेब केला. समजा, फळीखालचा आधार २५ सेंटीमीटर उंच आहे, स्क्रू त्याच्या वरच्या टोकाला आहे आणि भिंतीपासून २० सेंटीमीटरवर १० किलो वजन ठेवले आहे. आधार खालच्या टोकाभोवती फिरू पाहतो, म्हणून स्क्रूवरची ओढ १० × २० ÷ २५, म्हणजे ८ किलोवजन. आधार फक्त १० सेंटीमीटर उंच घेतला तर तीच ओढ २० किलोवजन होते, ठेवलेल्या वजनाच्या दुप्पट! वर्गात खालच्या टोकाला बिजागरी आणि वरच्या टोकाला तानकाटा लावून हे सहज दाखवता येईल.

आणखी एक गोष्ट या गॅरेजांकडून घेण्याजोगी आहे. तिथे अनेक जण फळ्यावर प्रत्येक हत्याराच्या मागे त्याची बाह्यरेषा रंगवतात. अमेरिकेतील पाककलेच्या प्रसिद्ध लेखिका जूलिया चाइल्ड यांच्या स्वयंपाकघरातही भांडी अशीच टांगलेली असत. ते स्वयंपाकघर २००१ साली वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाला मिळाले. बाह्यरेषेचा फायदा असा की वस्तू जागेवर नसली की रिकामी आकृतीच तसे सांगते.

आपल्या कितीतरी शाळांत चिमटे, पक्कड, तानकाटे कुलपात असतात. हरवतील ही भीती असते, आणि त्या भीतीपायी मुलांचे हात त्यांना वर्षभर लागत नाहीत. एक हार्डबोर्ड, थोडे आकडे, विटेपर्यंत पोचलेल्या चार गिट्ट्या आणि मुलांनीच रंगवलेल्या बाह्यरेषा एवढ्यावर ते कुलूप निघू शकेल. तास संपल्यावर मोजदाद करायची ती फक्त रिकाम्या आकृत्यांची.