तळटीप : स्नायूंच्या पाठीची कमान

* कळंब्याच्या या प्रकरणात आलेली कमान भिल्लांच्या कमठ्याहून वेगळी आहे. भिल्लांचा कमठा बांबूचा, दोरीही बहुधा बांबूच्याच कामटीची. इथे मात्र लाकडाच्या पाठीवर जनावराच्या पायातले स्नायू (कंडरा) चढवले आहेत. दोरी ओढली की लक्ष्याकडची बाजू ताणली जाते आणि लाकूड तिथेच आधी चिरते. तो ताण स्नायू सोसतात. ते वाळवून, लाकडी हातोडीने कुटून केसासारखे तंतू मोकळे करायचे, कोमट सरसात भिजवून लांबीने एकाला एक लागून बसवायचे. हे थर सुकताना आकसतात आणि दोरी न चढवलेली कमान उलट्या दिशेला वाकते. घाई केली तर सगळे वाया जाते. थर पुरता वाळायला काही आठवडे, कधी महिने लागतात.

मोगल-मराठा काळातल्या कमानींत पोटाच्या बाजूला म्हशीचे शिंगही असे आणि वरून रोगण. रोगणाऐवजी पाठीवर सापाचे कातडे चढवण्याची पद्धत मुख्यतः उत्तर अमेरिकेतली. हेतू मात्र एकच : सरसाला ओल लागू न देणे. कळंब्यासारख्या तलावाकाठच्या, चार महिने पावसात भिजणाऱ्या गावात ती काळजी दुप्पट. अशा हवेला टिकतील म्हणून हिंदुस्थानात पोलादी कमानीही घडवल्या गेल्या.

नाग, धामण, अजगर यांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली संरक्षण आहे. हौशी कारागिरांनी त्यांच्या कातड्याऐवजी शेळीचे पातळ कातडे वापरावे, ही कळकळीची विनंती. — संपादक