किनारी हवामानातील संगणक दोषनिवारण

जुना घरगुती संगणक संथ किंवा अस्थिर झाल्यास त्यामागील कारण क्रमाक्रमाने शोधून ते दूर करण्याच्या प्रक्रियेस संगणक दोषनिवारण म्हणतात. महाराष्ट्राच्या रायगड जिल्ह्यातील अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन यांसारख्या किनारी तालुक्यांत खारी व दमट हवा आणि पावसाळ्यात खंडित होणारा वीजपुरवठा यांमुळे संगणकात कोरड्या प्रदेशांच्या तुलनेत काही वेगळे दोष उद्भवतात. असे अनेक दोष साध्या स्वच्छतेने दूर होऊ शकतात. तपासणीविना संगणक निकामी ठरवल्यास मात्र त्यातील छायाचित्रे व कागदपत्रेही गमावण्याचा धोका असतो.

हवामानाचा परिणाम

लाटा फुटताना उडणारे सूक्ष्म तुषार वाऱ्यासोबत जमिनीकडे येतात आणि त्यांतील मिठाचे कण धुळीसह संगणकात साचतात. सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेल्यावर मीठ हवेतील बाष्प शोषून विरघळू लागते. पावसाळ्यात कोकणात आर्द्रता बराच काळ या मर्यादेपेक्षा अधिक असते. त्यामुळे धुळीचा थर अंशतः वीजवाहक बनतो, तांब्याच्या उघड्या भागांवर हिरवट गंज चढतो आणि जोडण्यांमधील विद्युत संपर्क कमकुवत होतो.

चालू संगणकाच्या उष्णतेमुळे त्याच्या आतील सापेक्ष आर्द्रता कमी राहते. दीर्घकाळ बंद असलेल्या संगणकाला हे संरक्षण मिळत नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर धडकले, तेव्हा विजेचे खांब कोसळून अनेक गावे दीर्घकाळ अंधारात राहिली. अशा खंडानंतर संगणक पूर्ण कोरडा झाल्याची खात्री करूनच सुरू करणे योग्य ठरते.

निदान

पहिली पायरी म्हणजे महत्त्वाच्या फायलींची प्रत दुसऱ्या साधनावर घेणे. हार्ड डिस्कमधून टकटक असा आवाज येत असल्यास ती वारंवार सुरू केल्याने माहिती परत मिळण्याची शक्यता घटते.

संथपणा आणि अस्थिरता यांची कारणे बहुधा वेगळी असतात. संगणक केवळ संथ असल्यास टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर, रॅम व डिस्क यांपैकी कशावर ताण आहे ते पाहिले जाते. डिस्कची स्मार्ट नोंद तिच्यातील खराब भागांची कल्पना देते. पंखा धुळीने अडल्यास प्रोसेसर तापतो आणि स्वतःचा वेग कमी करतो.

संगणक अचानक बंद पडत असल्यास किंवा निळा पडदा दिसत असल्यास रॅम, वीजपुरवठा करणारा एसएमपीएस आणि मदरबोर्डवरील फुगलेले कॅपॅसिटर तपासले जातात. तारीख व वेळ वारंवार चुकणे हे मदरबोर्डवरील ३ व्होल्टची बॅटरी संपल्याचे सामान्य लक्षण आहे. चुकीच्या तारखेमुळे सुरक्षित संकेतस्थळेही उघडेनाशी होतात.

उपाय

काम सुरू करण्यापूर्वी विजेची जोडणी काढली जाते. एसएमपीएसमधील कॅपॅसिटर वीज बंद केल्यावरही काही काळ भारित राहतात, म्हणून तो घरी उघडणे धोकादायक असते. धूळ मऊ ब्रशने काढून रॅमचे संपर्कबिंदू आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले जातात. ते खोडरबराने घासण्याची पद्धत प्रचलित असली, तरी त्यामुळे सोन्याचा पातळ मुलामा झिजतो. प्रोसेसरवरील वाळलेली थर्मल पेस्ट बदलल्यास तापमान उतरते. हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवल्यास जुन्या संगणकाचा वेग लक्षणीय वाढतो.

एका वेळी एकच बदल करून परिणाम पाहिल्यास नेमके कारण कळते. पावसाळ्यात संगणक नियमितपणे चालवणे, तो खिडकीपासून दूर ठेवणे आणि यूपीएस वापरणे हे उपयुक्त प्रतिबंधक उपाय आहेत.

मर्यादा

गंज मदरबोर्डच्या आतील थरांत पोहोचल्यास दुरुस्ती सहसा परवडत नाही. सॉफ्टवेअरचे वयही महत्त्वाचे ठरते: विंडोज ७ चे नियमित समर्थन १४ जानेवारी २०२० रोजी, तर विंडोज १० चे १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. अशा संगणकावर लिनक्सची हलकी आवृत्ती वापरता येते. निकामी संगणक ई-कचऱ्यात मोडतो. त्याच्या विल्हेवाटीसाठी १ एप्रिल २०२३ पासून ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ लागू आहेत. संगणक देण्यापूर्वी डिस्कवरील खासगी माहिती कायमची पुसणे आवश्यक असते.