नेम अचूक, पण बोल्ट अडकलेला

एनसीसीत गेलेल्या मंडळींना 'थ्री नॉट थ्री' सांगायला नको. जड दस्ता, खांद्याला बसणारा दणका, आणि तो बोल्ट - वर उचला, मागे ओढा, पुढे ढकला, खाली दाबा. ही रायफल म्हणजे ली-एनफिल्ड. आपल्याकडे पोलिसांच्या खांद्यावर ती इतकी वर्षं दिसली की तिच्यात काही विशेष असेल असं कुणाला वाटतच नाही. पण एके काळी हजारो सैनिकांनी स्वतःच्या हातातली, तिच्याहून जास्त अचूक नेमाची रायफल चिखलात टाकून देऊन मेलेल्या सोबत्यांच्या हातातली ही 'साधी' ली-एनफिल्ड उचलली होती. त्या टाकून दिलेल्या रायफलीची ही गोष्ट. तिचं नाव रॉस.

सर चार्ल्स रॉस हा स्कॉटलंडमधला मोठा जमीनदार. लाखो एकर जमीन, शिकारीचा नाद, आणि यंत्रांचं वेड. त्याने सरळ ओढायच्या बोल्टची रायफल बनवली. म्हणजे दांडी वर उचलायची भानगडच नाही, फक्त मागे ओढायची आणि पुढे ढकलायची. चारऐवजी दोनच हालचाली! आतमध्ये पिळाच्या खाचा असत. बाहेरची नळी सरळ मागे आली की त्या खाचांमुळे बोल्टचं डोकं आपोआप फिरून सुटायचं.

तिकडे बोअर युद्धाच्या काळात (१८९९-१९०२) कॅनडाला ली-एनफिल्ड हव्या होत्या. ब्रिटन पुरेशा देईना, आणि कॅनडात बनवायचीही सोय होईना. अशा वेळी रॉस स्वतः म्हणाला, मी तुमच्याकडे कारखाना काढतो. क्यूबेक शहरात कारखाना उभा राहिला. स्वतःची रायफल म्हणजे स्वतःचा मान! पहिल्या १,००० रायफली १९०५ मध्ये तिथल्या घोडेस्वार पोलिसांना मिळाल्या, आणि सरावात बोल्ट मागे उडून एका सार्जंट-मेजरचा डोळा गेला. पोलिसांनी त्या परत केल्या. रॉसने सुधारणा केल्या, मग आणखी सुधारणा, आणि १९१० च्या सुमारास 'मार्क ३' हे मॉडेल तयार झालं.

या मॉडेलचा नेम मात्र खरोखर देखणा होता. साडेतीस इंची लांब नळी, उत्तम पीप-साइट. इंग्लंडमध्ये बिस्लीला नेमबाजीची मोठी स्पर्धा होते. तिथलं 'किंग्ज प्राइझ' १९११ आणि १९१३ मध्ये कॅनडाच्या नेमबाजांनी रॉस वापरून जिंकलं. शिकाऱ्यांसाठी रॉसने .२८० चं वेगळं काडतूस काढलं. त्याच्या गोळीचा वेग सेकंदाला ३,००० फुटांच्या आसपास होता. त्या काळी हे ऐकूनच लोक चाट पडत. हरणामागे डोंगर चढणाऱ्या शिकाऱ्याला दुसरं काय हवं?

याच रायफलीची एक वाईट आठवणही आहे. ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री सर एडवर्ड ग्रे यांचा भाऊ जॉर्ज ग्रे १९११ मध्ये पूर्व आफ्रिकेत सिंहाच्या हल्ल्यात जबर जखमी होऊन मरण पावला. त्याच्या हातात .२८० रॉसच होती. अंगावर झेपावलेला सिंह त्या हलक्या, भन्नाट वेगाच्या गोळीने थांबला नाही. हा दोष गोळीचा, रायफलीच्या यंत्राचा नव्हे. पण मला त्यात पुढचं सगळं दिसतं. लांबून, शांतपणे, वेळ घेऊन मारायचं असेल तर रॉससारखी नाही. संकट दहा पावलांवर आलं की मात्र...

आणि ते आलं २२ एप्रिल १९१५ ला. बेल्जियममधलं ईप्र. पश्चिम आघाडीवर जर्मनांनी पहिल्यांदाच मोठ्या प्रमाणावर क्लोरीन वायू सोडला तो तिथेच. दोन दिवसांनी, २४ तारखेच्या पहाटे, दुसरा ढग थेट कॅनेडियन खंदकांवर आला. तोंडावर ओले रुमाल धरून, खोकत, आंधळ्यासारखे डोळे चोळत सैनिक गोळ्या झाडत होते. आणि रायफली अडकायला लागल्या. काही गोळ्या झाल्या की बोल्ट मागे येईना. माणसं रायफल जमिनीवर टेकवून बोल्टच्या दांडीवर बुटाने लाथा मारत होती, खंदक खणायच्या फावड्याने ठोकत होती. समोरून शत्रू येतोय आणि हातात लाकूड-लोखंडाचा दांडका! वाचलेल्या सुमारे ५,००० जणांपैकी १,४५२ जणांनी रॉस टाकून ली-एनफिल्ड उचलली होती. कॅनेडियन डिव्हिजनचे सुमारे ६,००० लोक त्या लढाईत मेले, जखमी झाले किंवा पकडले गेले. त्यातले किती अडकलेल्या बोल्टमुळे, हे कुणी मोजू शकलं नाही.

आता दोष कुठे होता? ही गोष्ट मला लिहावीशी वाटली ती यासाठीच, कारण उत्तर एक नव्हतं.

पहिला संशय काडतुसांवर. दोन्ही रायफलींचं काडतूस एकच, .३०३. पण रॉसचं चेंबर (गोळी जिथे बसते ती जागा) नेमासाठी मुद्दाम घट्ट ठेवलेलं. ली-एनफिल्डचं जरा ऐसपैस. युद्धात ब्रिटनमध्ये कारखाने दिवसरात्र काडतुसं ओतत होते, आणि त्यात थोडी जाडी-भरडी असणारच. ली-एनफिल्ड ती मुकाट गिळायची. रॉसमध्ये तीच पुंगळी स्फोटाने फुगून चेंबरला चिकटून बसायची. वर चिखल, वर सतत झाडून तापलेलं पोलाद.

दुसरी गोष्ट त्या सरळ ओढण्याची. पावसाळ्यात फुगलेला ड्रॉवर सरळ ओढून बघा, किंवा लोणच्याच्या बरणीचं घट्ट बसलेलं झाकण. सरळ ओढून काही होत नाही, आधी पीळ द्यावा लागतो. ली-एनफिल्डची दांडी वर उचलताना नेमकं हेच होतं. बोल्ट फिरता फिरता उताराच्या कडेवरून सरकतो आणि पुंगळीला हलकासा पण फार ताकदीचा झटका देऊन सुटी करतो. आपल्याला वाया गेलेली वाटते ती 'वर उचला' हालचाल खरं तर तरफ आहे! रॉसने दोन हालचाली वाचवल्या, त्यात ही तरफही जवळजवळ गेली.

इथपर्यंत तपास लवकरच पोचला होता. म्हणून चेंबर घासून रुंद करून द्यायला सुरुवात झाली. तरीही तक्रारी थांबल्या नाहीत. कारण तिसरी गोष्ट लपलेली होती, आणि ती सगळ्यात लहान होती.

मार्क ३ च्या बोल्टच्या डोक्याला स्क्रूच्या आट्यांसारखे दाते होते. बोल्ट मागे ओढला की तो निसटून हातात येऊ नये म्हणून एक छोटा अडसर असतो, बोल्ट-स्टॉप. रॉसमध्ये बोल्ट मागे येऊन या अडसरावर आपटायचा तो नेमका मागच्या बारीक दात्याने. अडसर छोटा, म्हणजे सगळा धक्का टिचभर जागेवर. त्यात दात्याच्या पोलादाला पाणी नीट दिलेलं नव्हतं, ते मऊ होतं. आपटून आपटून दात्याची कड चेपायची आणि तिला कंगोरा यायचा. आता कंगोरा आलेला दाता खाचेत कसा बसणार? बोल्ट बंद करायला जोर, उघडायला त्याहून जोर.

या तिन्ही गोष्टी एकत्र मांडल्या की चक्र दिसतं. पुंगळी चिकटते. मग सैनिक लाथ मारतो. लाथेने बोल्ट सुटतो तो धाडकन मागे अडसरावर. दाता आणखी चेपतो. पुढची गोळी आणखी घट्ट. पुन्हा लाथ. म्हणजे अडकलेली रायफल सोडवायचा प्रत्येक प्रयत्न तिला आणखी अडकवत होता! शिवाय चेंबर रुंद केलं तरी आधी चेपलेला दाता काही सरळ होत नाही. कुठलंही एकच कारण धरून दुरुस्ती करणाऱ्याला म्हणूनच यश येत नव्हतं.

शेवटी अडसर मोठा केला, बोल्टच्या डोक्याला नीट पाणी दिलं आणि चेंबर रुंद केलं. रायफल बरीच सुधारली. पण तोवर १९१६ उजाडलं होतं, आणि सैनिकाचा विश्वास उडाला होता. त्याला दुरुस्ती कशी करणार?

एवढा उशीर का झाला? कॅनडाचे संरक्षणमंत्री सॅम ह्यूज स्वतः नेमबाजीतले, आणि रॉसचे कट्टर समर्थक. त्यांच्या लेखी रायफलीवरची टीका म्हणजे कॅनडावरची टीका. काडतुसं वाईट, माणसं शिकलेली नाहीत, अधिकारी पूर्वग्रहदूषित... रायफल सोडून सगळ्यांवर बोट. समोर होते जनरल अल्डरसन, आधी डिव्हिजनचे आणि मग सगळ्या कॅनेडियन कोअरचे प्रमुख. (पुणेकरांनो, हेच अल्डरसन १९०८ मध्ये पुण्याच्या डिव्हिजनचे प्रमुख म्हणून आले होते!) जून १९१५ मध्ये पहिल्या डिव्हिजनला ली-एनफिल्ड मिळाल्या. पुढच्या डिव्हिजन मात्र रॉस घेऊनच आल्या. अल्डरसननी १९१६ च्या सुरुवातीला ओटावाला पुन्हा तक्रारी कळवल्या, आणि मे महिन्यात त्यांनाच कोअरच्या प्रमुखपदावरून जावं लागलं. त्यांच्यानंतर काही महिन्यांतच रॉसही गेली. नोव्हेंबरमध्ये ह्यूजही गेले. १९१७ मध्ये सरकारने कारखाना ताब्यात घेतला. तोवर सुमारे ४,२०,००० रायफली बनल्या होत्या.

मजा म्हणजे सगळ्यांनी रॉस टाकली तरी स्नायपर मंडळींनी ती सोडली नाही. ओजिब्वे जमातीचा फ्रान्सिस पेगामागाबो हा त्या युद्धातला नामांकित स्नायपर रॉसच वापरायचा. कारण उघड आहे. स्नायपर गोळ्या निवडून घेतो, रायफल पुसून-गुंडाळून ठेवतो, दिवसात थोड्याच गोळ्या झाडतो. म्हणजे तो शिकाऱ्यासारखाच वागतो. त्याच्या हातात ती पुन्हा शिकारीची रायफल झाली आणि कधी रुसली नाही. त्यामुळे 'रायफल चांगली' म्हणणारे आणि 'रायफल वाईट' म्हणणारे, दोघेही आपापल्या जागी खरं बोलत होते. फक्त बिस्लीत बसून बोलणाऱ्याने खंदकातल्याला खोटं ठरवायला नको होतं.

जाता जाता, परदेशात स्थायिक झालेल्या आणि जुन्या वस्तूंचा नाद असलेल्या भावंडांसाठी एक सूचना. रॉस अजूनही लिलावात मिळते. मार्क ३ चा बोल्ट खोलून चुकीचा जोडला तर तो आत जातो, बंद झाल्यासारखा दिसतो, पण डोकं फिरून कुलूप लागलेलं नसतं. अशी रायफल झाडली तर बोल्ट तोंडावर येतो. पुढे काही बोल्टांना एक रिव्हेट ठोकून ही सोय बंद केली, पण सगळ्यांना नाही. तेव्हा भिंतीवर लावा, खुशाल मिरवा. झाडायची हौस असेल तर आधी जाणत्या गनस्मिथला दाखवा.

असो. बरंच लांबलं. बाकी, आपल्याकडे कुणी 'हे अडकतंय' म्हणालं की पहिलं उत्तर 'तुला वापरता येत नाही' हेच असतं ना? घरात असो की हपिसात. यापुढे तसं तोंडावर आलं की मला बोल्टच्या दांडीवर लाथा मारणारा तो पोरगा आठवणार आहे.